कुंदाचा गळा

६ नोव्हेंबर १९८२, वाशी

"गळा दिसत नाही ना, म्हणून लोकांना तो फुकटचा वाटतो." गिरगावात आम्हाला गाणं शिकवणाऱ्या गोदूताई म्हणायच्या. मी तेव्हा परकरातली. गाणं काही आलं नाही मला, वाक्य तेवढं राहिलं. आज भांडी विसळताना एकदम आठवलं. सकाळी माधवराव येऊन गेले, त्यामुळे असेल.

माधवराव म्हणजे जुने दिग्दर्शक. गेली कित्येक वर्षं नुसतेच "जुने". खाडीपूल ओलांडून टॅक्सीने आले, गॅलरीतून समोरचं मोकळं माळरान बघत म्हणाले, "इकडे माणसं राहतात का हो?" संगीत-नाट्य विद्यालयातल्या मुलामुलींवरचा तो गाण्यांचा चित्रपट, आमच्या लहानपणी ज्यातली गाणी घरोघरी होती, तो त्यांना नव्याने करायचाय. रंगीत. मूळ चित्रपटात ते बाविशीचे सहायक होते. या नव्याचे संवाद मी लिहायचे.

"तुमच्या श्रुतिका ऐकतो मी रेडिओवर. त्यात माणसं बोलतात. भाषणं करत नाहीत."

हो म्हटलं. लगेच. विचार करून सांगते, असं तरी म्हणायचं होतं.

रात्री हे म्हणाले, "तू आज आमटीत मीठ दोनदा घातलंस." इतकी खूश.


१२ नोव्हें.

दादरला एका छोट्या हॉलमध्ये जुनी प्रत पाहिली. माधवराव, मी आणि मशीन चालवणारा. प्रत इतकी झिजलीय की सगळ्या चित्रपटभर पाऊस पडतोय असं वाटतं.

आणि तो प्रसंग. विद्यालयाची वार्षिक परीक्षा. गरीब घरची विद्यार्थिनी प्राचार्यांपुढे उभी. ती एक ओळ गाते. ते म्हणतात, पुन्हा. ती गाते. पुन्हा. शेवटी वरच्या स्वरावर तिचा आवाज फाटतो, अगदी कापड फाटावं तसा, आणि मागे उभी असलेली मुलं तीच ओळ उचलतात. अंगावर काटा आला. लहानपणीही आला होता. या खेपेला काटा बराच वेळ गेला नाही.

"हे प्लेबॅक नाही हं," माधवराव अंधारात म्हणाले. "बाकीची गाणी नंतर भरली. हे इंदू तिथेच गायली. खरं गायली, खरं तुटली."

"नंतर काय झालं त्यांचं?"

"लग्न झालं."

दिवे लागले. ते रुमालाने चष्मा पुसत होते.


२३ नोव्हें.

विद्यार्थिनी सापडली. करावे गावची कुंदा, इथल्याच कॉलेजात बारावीला. गॅदरिंगमध्ये गायली आणि माधवरावांना कुणीतरी कळवलं. ऐकायला मीही गेले होते. बारीक, काळीसावळी, मान जराशी पुढे काढून उभी राहते. गायला लागली तेव्हा माधवरावांनी माझा दंड धरला. बोटं गार होती त्यांची.

तिचं बोलणं गावाकडचं, ण चा न. माधवराव म्हणाले, "संवादांपुरतं हिला तुम्ही घरी बोलवा." म्हणजे आता रोज दुपारी कुंदा माझ्याकडे.


४ डिसेंबर

कुंदा येते, चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवते, "बाई, आज कुठलं पान?" आणि पान बाजूला ठेवून गप्पा. आज हसून हसून पुरेवाट. तिच्या वर्गातल्या पोरी तिला आता "हीरोइन" म्हणतात. "आनि मी त्यांना बोलली, हीरोइन रोज एसटीला लटकून येते काय ग!"

तिची आत्या, बायजाआत्या, धवलारीण आहे. त्यांच्यात लग्न लागतं ते हिच्या गाण्यांवर. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, एकामागून एक, चुकायचं नाही. कुठे लिहिलेलं नाही. कुंदा लहानपणापासून आत्याच्या पाठीमागे बसते. आत्याच्या स्वतःच्या मुलींना नाही आलं. सगळं फक्त हिला येतं.

"एक म्हणून दाखव ना."

"मांडव नाय, नवरी नाय, असं कसं म्हनू?" मग माझं तोंड बघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हळूच दोन ओळी. आवाज जेमतेम माझ्यापर्यंत. जोर नाहीच कुठे. नुसतं पाणी भरत आल्यासारखं.

गेल्यावर बराच वेळ काही लिहिता आलं नाही.


८ डिसें.

करावेला गेले होते, आत्याची परवानगी घ्यायला. बापाची केव्हाच मिळालीय. तो तर गावभर सांगत सुटलाय. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"शिनुमात गाऊन लगीन लागतं का कुनाचं?"

"लागतं कधीकधी, आत्या."

"मंग बरं हाय." सगळे हसले, ती नाही. सुपातून मान वर न करता म्हणाली, "लगीनसराईच्या आधी पोर मना परत द्या, बाय. माझा दम आता पुरत नाय. मी धरून देते, ती ओढते. ती नसली तं मधीच र्‍हाईल."

देते म्हणाले. कोण होते मी द्यायला.


१३ डिसें.

सेट रबाळ्याला. औद्योगिक वसाहतीतली एक रिकामी शेड, पत्र्याची. आत प्लायवूडचे खांब, रंगवलेल्या कमानी, भिंतीवर तंबोरे. बाहेरून बघितलं तर गोडाऊन, आत पाय टाकला की विद्यालय. नवा रंग, भुसा, आणि दुपारनंतर आजूबाजूच्या कारखान्यांकडून येणारा तो आंबूस वास, इथे राहणाऱ्यांना आता जाणवतही नाही तो. शिवाय वातावरणासाठी लोबानाचा धूर सोडतात. डोळे चुरचुरतात.

कोरसची मुलं गोड आहेत. चहा उशिरा आला की सगळी एका सुरात "पुन्हा!" ओरडतात.

परीक्षेचा प्रसंग मी वाचून दाखवला. जुन्या चित्रपटात प्राचार्य मधेमधे बरंच सुनावतात. मी ते सगळं काढलं. त्यांना फक्त एकच शब्द ठेवला. पुन्हा. माधवराव उठून उभे राहिले. "बाई, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं."

मला फार आनंद झाला. लिहून ठेवते, झाला.


१९ डिसें.

परीक्षेच्या प्रसंगाची तालीम रोज होते. बाकीचे प्रसंग आठवड्यातून एकदा, हा रोज. प्राचार्यांची भूमिका करणारे नट नसले तर "पुन्हा" माधवराव स्वतः म्हणतात. शांतपणे म्हणतात, अजिबात आवाज न चढवता.

हा प्रसंग शूटिंगमध्ये शेवटी ठेवलाय. आणि आवाज तिथेच, सेटवरच घ्यायचा. नंतर भरायचा नाही.

मुलांचं चहाच्या वेळचं ओरडणं थांबलंय. कधी थांबलं ते लक्षात आलं नाही.


२४ डिसें.

कुंदाचा आवाज बसला. मी ज्येष्ठमध दिलं, खडीसाखर आणि मिरी दिली. ती हसली, घोगरं. "बाई, सर बोलले हे चांगलं हाय."

"काय चांगलं?"

"गळा फुटल्याबिगर गानं लागत नाय."

पेटीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले खरंय, आमचे बुवासुद्धा असंच सांगत. गळा एकदा फुटतो आणि मग तयार होतो. तबलजीनेही मान हलवली. हे ऐकून आहेच सगळं, गिरगावातही असंच बोलायचे. मला बरंच वाटलं ऐकून. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.


२९ डिसें.

आज वरचा स्वर घेताना आवाज मधेच नाहीसा झाला. फाटला नाही. नाहीसाच. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि हवा. मग खोकली.

माधवराव कॅमेरामनला काहीतरी म्हणाले. मी जवळ उभी होते म्हणून ऐकलं: "अजून नाही. आठ-दहा दिवसांत येईल."

काय येईल?

बसमध्ये सगळा वेळ तेच. उतरताना कळलं. ही तालीम नाहीये. ते गळा पिकवताहेत. नेमका कॅमेऱ्यासमोर तुटेल इतका.

आणि एक. कुणाला सांगणार नाही. आज तिने पहिल्यांदा ओळ घेतली, ती आधीची, न तुटलेली, ती इतकी सुंदर होती की माझ्याच मनात आलं: पुन्हा.


४ जानेवारी ८३

कुंदाला ठाण्याला कानघशाच्या डॉक्टरकडे नेलं. आरसा घालून बघितलं. माझ्याकडे बघत बोलले, तिच्याकडे नाही. आत एका बाजूला रक्त उतरलंय. एक महिना मौन. कुजबुजायचंही नाही. या अवस्थेत जोर लावला तर कायमची खूण राहील. "बोलेल ती. घोगरं का होईना, बोलेल. गाण्याचं मात्र विसरा."

कुंदा खिडकीबाहेर बघत होती. जिना उतरताना म्हणाली, "डॉक्टर लय घाबरवतात."

"बोलू नकोस ग."

तोंडावर बोट ठेवून हसली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उसाच्या रसाच्या गाडीकडे बघत राहिले.


५ जाने.

माधवरावांना सगळं सांगितलं. शेडच्या मागच्या दाराशी सिगरेट ओढत होते.

"डॉक्टर मला वीस वर्षं सांगताहेत हे सोडा म्हणून. मेलो का?"

"तिच्या गळ्यात रक्त आहे."

"इंदूच्याही असेल. कोण बघायला गेलं होतं तेव्हा! बाई, तो एक क्षण काढला तर त्या चित्रपटात राहतं काय? चार विनोद आणि एक लग्न. लोक अजून त्या क्षणासाठी येतात. या मुलीला तेच मिळणार आहे. तुम्ही-आम्ही विसरले जाऊ, ती नाही."

"मग तो प्रसंग मी परत घेते. माझा आहे तो."

त्यांनी माझ्याकडे जरा मायेनेच बघितलं. "तुमचं काय आहे त्यात? एकच शब्द ठेवलात तुम्ही. तो मलाही येतो."


६ जाने.

झोप नाही. हे म्हणतात, सोडून दे तो चित्रपट. मी सोडला तर कुंदाशेजारी तिथे कोण?

पेटीवाल्या काकांकडून इंदूताईंचा ठावठिकाणा मिळाला. पनवेल. इतक्या जवळ. "पण त्या फारसं बोलत नाहीत हं कुणाशी," म्हणाले. आणि मग स्वतःच चपापले.


९ जाने.

नीट लिहायला हवं. चूक माझी आहे.

कुंदाला मुद्दाम बरोबर नेलं. वाटलं, माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, डोळ्यांनी बघेल तर उमजेल.

जुनं घर, पुढे तुळस, आत स्टीलच्या खुर्च्या. इंदूताई साठीच्या आसपास, गोऱ्या, नीटनेटक्या, मोठं कुंकू. आवाज म्हणजे कागदावरून हात फिरवावा तसा. सुनेने आधी कुकरचा गॅस बंद केला, मग पंखा. तेव्हा कुठे ऐकू यायला लागलं. त्या दिवसानंतर आवाज असाच, म्हणाल्या. औषधं केली, काशीचे वैद्य केले. पुढे चित्रपट नाही, गाणं नाही.

मी कुंदाकडे बघत होते. ती टक लावून ऐकत होती. मला वाटलं, पोचलं.

म्हटलं, "इंदूताई, हिला तोच प्रसंग करायचाय. तिथेच गाऊन. तुम्ही सांगा ना हिला."

त्यांनी कुंदाला जवळ बोलावलं. हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे वळवला. मग:

"मी त्याआधी पुष्कळ गायले. एकही आठवत नाही कुणाला. ते एक आठवतं. बायका रस्त्यात थांबवून हात हातात घेतात अजून." परत दम घेतला. "परत विचारलं कुणी, तर परत गाईन."

कुंदा त्यांच्या पाया पडली. कपाळ टेकून.

निघताना कुंदा पुढे फाटकाशी गेली तेव्हा सून मला हळूच म्हणाली, "आमचा छोटू खाली खेळत असतो ना, त्यांना हाक मारता येत नाही. माडीच्या गॅलरीत उभ्या राहून टाळ्या वाजवतात." मान खाली घालून गेली आत.

बसमध्ये हे कुंदाला सांगितलं. माझ्याकडचा शेवटचा दगड होता तो. ती मौन विसरून, त्याच फाटक्या आवाजात म्हणाली:

"पन टाळ्या वाजवल्या की येतो ना तो?"


१० जाने.

कुंदा दुपारी आली नाही. कॉलेजातून सरळ रबाळ्याला गेली.


११ जाने.

पुन्हा करावे. बापाशी बोलून उपयोग नाही. त्याने गावच्या मंडळाकडून थिएटरला न्यायला टेम्पो ठरवलाय. आत्याला सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, पनवेलला काय झालं. ती ऐकत होती. हातातलं काम थांबलं नाही.

"मंग माझी गानी कुठं ठेवू?"

"तुम्ही सांगितलंत तर ऐकेल ती, आत्या."

"माझं?" हसली. तोंडात दोनच दात. "ल्हानपनी बोलले, खाडीत उतरू नको. तीनदा उतरली. मी नको बोलले तं ती दोनदा गाईल. तू बाहेरची हाय, शिकलेली. तुजं ऐकलं तं ऐकलं."

निघताना पाठीमागून ओरडली, "ए बाय! तू बोलली व्हतीस, परत देते!"

वळून हात केला. कशाचा हात, कुणास ठाऊक.


१२ जाने.

शेडवर गेले. माझ्याशी सगळे जरा जपून बोलतात. पेटीवाले काका नजर चुकवतात. कुंदाने मला बघून लांबूनच हात जोडले. तिला गायला लावत नाहीत आता, बसवून ठेवतात, गरम पाणी देतात. आधी मला वाटलं माधवरावांना दया आली.

दया नाही. शिलकीतलं जपताहेत.

मुद्दाम सर्वांसमोर विचारलं, म्हणजे टाळता येऊ नये. "माधवराव, त्या ओळीला दुसरा आवाज लावा. चित्रपटांत सगळे लावतात."

लाइटवाला सुद्धा शिडीवर थांबला.

माधवराव चिडले नाहीत. "ठीक. कुंदाने स्वतः येऊन मला 'नको' म्हटलं, तर प्लेबॅक घेतो. शब्द देतो. पण तिने. तुम्ही नाही, डॉक्टर नाही."

हा माणूस खोटा शब्द देत नाही. सेटवर सगळ्यांना माहीत आहे ते. त्याला तो पाळावा लागणार नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे.

कुंदा खांबाला टेकून उभी होती. प्लायवूडचा खांब तिच्या वजनानेही हलत होता.


१४ जाने.

संक्रांत. संध्याकाळी कुंदा आली! दाराबाहेर चप्पल जोडून. नवी साडी, काळी. हातावर तिळगूळ ठेवला आणि काहीच बोलली नाही, नुसती हसली. मौन पाळतेय, परवासाठी. परवा शूटिंग आहे त्या प्रसंगाचं.

ह्यांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "काय ग, गोड बोला तरी म्हण." तिने ह्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत ओठांनी म्हटलं, आवाज न करता.

चहा ठेवला तिच्यासाठी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली नेहमीसारखी. तेव्हा सांगायला हवं होतं. ती इतकी आनंदात होती. गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होती, मनात गात असणार. मी दूध उतू जाऊ दिलं.

ती गेल्यावर गॅलरीतून पाहिलं. रस्त्याच्या दिव्याखालून गेली, मग पुढे दिवे नाहीतच, सेक्टर अजून बांधायचाय. काळी साडी. लगेच दिसेनाशी झाली.


१५ जाने.

दिवसभर घर आवरलं. लिहायला बसले, उठले. तो कागद काढून बघितला, परीक्षेच्या प्रसंगाचा. किती रिकामा दिसतो. एक शब्द, मग मोकळी जागा, परत तोच शब्द. लिहिला तेव्हा ही जागाच मला आवडली होती. त्या जागेत एक मुलगी उभी असणार हे डोक्यात होतं, पण कागदावर मुलगी दिसत नाही.

हे म्हणाले, "तू तुझं केलंस." नाही केलं. सगळ्यांना विचारून झालं: डॉक्टर, माधवराव, पनवेल, आत्या. कुंदाला एकदाही सरळ विचारलेलं नाही. दरवेळी दुसऱ्या कुणाच्या तोंडून वदवायला गेले. संवादलेखिका!

तिने का ऐकावं माझं? मी तिला काय देऊ शकते? लग्नाच्या मांडवात आत्याच्या पाठीमागची जागा. ती तिची होतीच. माधवराव तिला जे देताहेत ते तिच्या गावात, तिच्या घरात कधी कुणाला मिळालेलं नाही. आणि कदाचित ते खरंही असेल. कदाचित रस्त्यात बायका थांबवतील तिला. हेच सगळ्यात भयंकर आहे, की ते खोटं बोलत नाहीयेत.

तरीही.

सकाळी शेडची गाडी तिला न्यायला करावे फाट्यावर येते. त्याआधी पोचायचं. पहिल्या बसने. कारणं सांगायची नाहीत, आत्याचं नाव काढायचं नाही, डॉक्टरचा कागद न्यायचा नाही. ती गरम पाण्याचा थर्मास घेऊन उभी असेल, गळ्याला मफलर. मला बघून तिला वाटेल आशीर्वाद द्यायला आले. पायाशी वाकेल. तिला खांद्याला धरून उभी करायची. ती मान हलवेल, मला माहीत आहे कशी. एकदाच, हळू, मला वाईट वाटू नये अशी. आणि गाडीत चढेल.

माहीत असून विचारायचं. सरळ, माझ्या तोंडाने: कुंदा, आज गाऊ नकोस.